चियासाठी सामू ५.३ : चुना टाकू की नको?

सड्यावरची (ता. राजापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमची जमीन जांभ्याची. खाली वहाळाकडेला भाताची खाचरं आणि वर घरामागे आठ गुंठ्यांचा वरकस तुकडा, तिथे सासूबाई नाचणी-वरी करायच्या. भातानंतर कुळीथ, पावटा घालतो. वानर ठेवतील तेवढा कुळीथ आमचा. म्हणून मागच्या रब्बीत एका खाचरात चिया घातला. पाल्याला उग्र वास असतो, जनावर तोंड लावत नाही असं ऐकलं होतं. खरंच नाही लावलं. पण लावण्यासारखं तिथे काही उगवलंच नाही! रोपं गुडघ्याच्या खालीच राहिली, पानं मागच्या बाजूने जांभळट पडली आणि एवढ्याएवढ्याशा रोपांना निळे तुरे आले. झालं तेवढं बी घरच्या बरणीत मावलं.

मे महिन्यात खाचर आणि वरचा तुकडा अशा दोन्हींची माती तपासून घेतली. दोन्हीकडे सामू (pH, ७ च्या जितका खाली तितकी माती आम्ल) ५.३. सेंद्रिय कर्ब १.१ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) "कमी", पालाश (पोटॅश) "मध्यम". शेजारच्या काकांचं म्हणणं, "दहा गोण्या चुना ओत, माती गोडी होते." कृषी सेवा केंद्रात गेले तर त्यांनी जिप्समची गोणी पुढे केली. माझ्याकडे पडवीत घर रंगवून उरलेली चुन्याची गोणी आहे, तिचे आता गोळे झालेत. शिवाय खाडीवरून तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कवचं हवी तेवढी मिळतात.

तर विचारायचं असं, की चियाला सामू किती लागतो? मागच्या वर्षीचं पीक आम्लतेनेच गेलं का? आणि टाकायचा झालाच तर कुठला चुना, किती? यंदा चूक-बरोबर आधी कळलं तर बरं, कारण घरात आता "तुझा तो सब्जा" अशी चेष्टा चालू आहे.


काळ्या रानातला (जि. वाशीम)

ताई, आमच्या इकडं सोयाबीन निघालं की गहू-हरभऱ्याच्या जागी आता चिया बराच दिसतो. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दोन्ही त्याला तोंड लावत नाहीत हे खरं आहे, आम्ही त्याच्यापायीच वळलो.

सामूचं म्हणाल तर आमच्या रानाचा ८ च्या वर आहे. मातीत चुनखडीचे खडे हाताला लागतात, ढेकळावर लिंबू पिळलं तर फेस येतो. तरी चिया येतो. म्हणजे हे पीक सामूच्या बाबतीत फार नखरेल नाही. साधारण ६ ते ८.५ मध्ये चालतं असं धरा. त्याला चालत नाही ते साचलेलं पाणी. आमच्याकडं ज्या पट्ट्यात ओल जास्त धरते तिथलं रोप पिवळं पडून बसतं, आणि शेजारची हलकी मुरमाड पट्टी कमरेपर्यंत जाते. सामू दोन्हीकडं सारखाच.

दुसरं, तुम्ही पेरला कधी? ह्या पिकाचं फुलणं दिवसाच्या लांबीवर आहे. दिवस बारा तासांच्या आत आला की त्याला फुलायची घाई सुटते, मग रोप केवढंही असो. आम्ही दसऱ्याच्या आगेमागे पेरून मोकळे होतो. दिवाळीनंतर जितका उशीर, तितकं खुजं झाड. तुमचे "एवढ्याएवढ्याशा रोपांना तुरे" वाचून मला तर पहिल्यांदा तारखेचीच शंका आली.

बियाणं एकरी दीड-दोन किलो पुरतं. बी मोहरीहून बारीक, म्हणून चाळलेल्या गांडूळखतात नाहीतर कोरड्या रेतीत मिसळून पेरा आणि वर मातीचा नुसता हलका थर द्या. खोल गेलं की वर येत नाही. भिजवू मात्र नका, चिकट लगदा होतो आणि हाताला चिकटून तुम्हीच उगवाल.


जय किसान

दुकानदार बरोबर आहे. जिप्सम टाका. त्यात कॅल्शियम असतं आणि चुन्यातही कॅल्शियमच असतं. जिप्सम स्वस्त, शिवाय गंधक फुकट मिळतं. आमच्या भागात सगळे टाकतात.


परीक्षानळी

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी गेली, म्हणजे नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे असा धागा दिसला की राहवत नाही.

आधी जिप्सम. जय किसान, तुमच्या भागात टाकतात कारण तुमची माती बहुधा चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली, असेल. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि माती मोकळी होते. आम्लता मारायला मात्र कॅल्शियम कामाचं नाही, त्याच्या जोडीला येणारा कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड कामाचा. जिप्सममध्ये सल्फेट असतं, ते आम्ल खात नाही. सड्यावरच्या ताई, ती गोणी घेतली असेल तर परत करा. गंधक, कॅल्शियम मिळेल, पण सामू ५.३ आहे तो ५.३ च राहील.

आता ५.३ म्हणजे काय ते. हे मोजमाप दहापटीच्या पायऱ्यांचं आहे. ६.३ च्या मातीपेक्षा तुमची माती दहापट आम्ल. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन खाली नेतो आणि वर राहतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. जांभ्याचा तांबडा रंग त्यातल्या लोहाचा. ॲल्युमिनियम एरवी मातीत गप्प असतं, पण सामू ५.५ च्या खाली घसरला की विरघळायला लागतं आणि मुळांच्या टोकांना जाळतं. लोह आणि ॲल्युमिनियम दोघंही स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून खत घालूनही अहवालात स्फुरद "कमी" येतो. पानांची जांभळट पाठ ही स्फुरदाच्या भुकेची जुनी खूण आहे. इथवर काकांचं बरोबर.

पण तुम्ही चिया लावलात खाचरात, आणि तिथे गोष्ट वेगळी होते. पावसाळ्यात खाचरात पाणी उभं असतं तेव्हा मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो, ६.५ च्या आसपाससुद्धा जातो. म्हणून भाताला आम्लतेचा फारसा त्रास जाणवत नाही. पाणी उतरलं, माती वाळली, की सामू परत मूळ पदावर. तुमची रब्बीची रोपं नेमकी ह्या उतरणीवर उगवली. त्यात दरवर्षीच्या चिखलणीने खाचरात वीतभर खाली एक घट्ट थर झालेला असतो. भाताला तो हवाच, पाणी धरून ठेवतो. चियाच्या सोटमुळाला तो भिंतीसारखा.

मला विचाराल तर खाचरातल्या चियाचं नुकसान तीन ठिकाणी वाटलं गेलंय. उशिराची पेरणी, तो घट्ट थर आणि आम्लता. आम्लता बहुधा तिसऱ्या नंबरला. दहा गोण्या चुना टाकून पहिली दोन कारणं जाणार नाहीत.

एक सांगा. रोपं काढताना मुळं बघितली होती का? ॲल्युमिनियमने मारलेलं मूळ आखूड, जाड होतं, टोकं तपकिरी होतात, तंतुमुळं जवळपास नसतात. घट्ट थराला अडलेलं मूळ तसं नसतं, ते निरोगी पांढरं असून काटकोनात आडवं वळतं. हे दोन उपटलेल्या रोपांवरून कळतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

चुन्याचं प्रमाण सामूच्या आकड्यावरून काढू नका, ही लोकांची नेहमीची गफलत. किनाऱ्याजवळची रेताड माती ५.३ आणि तुमची चिकणसर, कर्ब १.१ असलेली माती ५.३, ह्या दोघींची चुन्याची भूक फार वेगळी. आकडा फक्त पाण्यात सुटलेलं आम्ल दाखवतो, मातीच्या कणांना चिकटून बसलेलं दाखवत नाही. त्यासाठी बफर द्रावणात सामू मोजतात, शूमेकर पद्धत म्हणतात तिला. पुढच्या वेळी नमुना देताना "चुन्याची गरज काढून द्या" असं स्पष्ट सांगा. न सांगितल्यास बऱ्याचदा काढत नाहीत.

पूर्ण गरज भागवायची तर अशा मातीला हेक्टरी टनांत चुना लागतो. छोट्या शेतकऱ्याला ते परवडत नाही आणि एकदम टाकणं चांगलंही नाही, जस्त, बोरॉन, लोह अडकून बसतात. कोकणात बोरॉन आधीच पावसाने धुतलेलं. त्यापेक्षा पूर्व भारतातल्या आम्ल जमिनींसाठी जी शिफारस आहे ती सोपी : सऱ्यांमध्ये, बियांच्या ओळीत, हेक्टरी २ ते ४ क्विंटल बारीक चुनखडी, दर वर्षी. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे, तेव्हा गुंठ्याला २ ते ४ किलो. तुमच्या आठ गुंठ्यांना मधला आकडा २५ किलो धरा. गोणीसुद्धा नाही, काकांच्या दहा गोण्या लांबच. सगळ्या शेताचा सामू ७ करायचा नाहीये, मुळांभोवतीची माती ६ च्या जवळ आली की काम झालं.


सड्यावरची

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून आभार.

मुळांचा फोटो नव्हता, पण नवऱ्याने सरपणाच्या ढिगात चियाच्या वाळक्या काटक्या टाकलेल्या, त्यात मुळासकट काही सापडल्या. बहुतेकांची मुळं चार बोटं सरळ गेलीत आणि मग आडवी वळलीत, अगदी तुम्ही म्हणता तशी. टोकं वाळल्यामुळे काय रंग होता ते आता कळत नाही. आणि हो, वाशीमवाले दादा, पेरणी उशिराच झाली होती. कापणी, झोडणी, पेंढा उचलणं हे सगळं होऊन खाचर रिकामं होईतो देवदिवाळी आली. तुमचा नेम अचूक लागला.

म्हणजे यंदा खाचर नकोच. वरचा वरकस तुकडा रिकामाच आहे, तिथे पाणी साचत नाही आणि विहिरीची मोटार पोचते. दसऱ्याला पेरता येईल. तरी आणखी थोडं विचारते. पडवीतली गोळे झालेली गोणी चालेल का? कवचं कुटून टाकली तर? चुलीतली राख भरपूर आहे, तिचं काय? आणि आत्ता चुना टाकला तर परतीच्या पावसात वाहून जाईल का?


परीक्षानळी

काटकोनात वळलेली मुळं म्हणजे निदान झालं. वरचा तुकडा घ्या.

गोणी. रंगाचा चुना म्हणजे पाण्यात विरवलेला चुना. ताजा असेल तर तो चुनखडीपेक्षा कडक, १०० किलो शुद्ध चुनखडीचं काम ७४ किलोत करतो. भट्टीतून आलेला न विरलेला कळीचा चुना तर ५६ किलोतच. पण तुमच्या गोणीचे गोळे झालेत, म्हणजे पडवीच्या दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन तो परत चुनखडी होत चाललाय. वाया गेलेला नाही. गोळे कुटा, पिठाच्या चाळणीने चाळा, आणि २५ किलो हाच हिशेब धरा. खात्री करायची तर चिमूटभर पुडीवर व्हिनेगर टाका. जोरात फसफसला तर माझं म्हणणं बरोबर. फारच कमी फसफसला तर अजून ताजा आहे, मग १८-१९ किलो पुरे. कसाही असला तरी टाकताना डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि वाऱ्याकडे पाठ.

बारीकपणावर सगळं आहे. डाळीएवढा खडा मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, पिठासारखी पूड काही आठवड्यांत कामाला लागते. म्हणूनच कच्ची कवचं कुटून टाकण्यात यंदा काही मिळणार नाही. ती भट्टीत भाजून केलेला शिंपल्यांचा चुना उत्तम, पूर्वी तुमच्याकडे भिंतींना तोच वापरत. मिळाला तर सोडू नका.

राख चांगली. लाकडाच्या राखेत चुन्याच्या साधारण निम्मी ताकद असते आणि पालाश वर मिळतो. भाताच्या तरव्यासाठी राब भाजतात त्या जागची रोपं जोमदार का दिसतात, त्यात राखेचाही वाटा आहे. मात्र राख चाळून, कोरडी ठेवलेली हवी. पावसात भिजलेल्या राखेतला पालाश निघून गेलेला असतो. आणि चुना तसा राख, दोन्ही एका जागी भरपूर झाली की मात्रा चुकते, तेव्हा राख वापरलीत तर चुना थोडा कमी करा.

वाहून जाण्याचं. चुन्याला ओल लागतेच, कोरड्या मातीत तो नुसता पडून राहतो. सप्टेंबरच्या शेवटी, जोराची सर नसेल असा दिवस बघून, दीड फुटावर ओळी आखा, ओळीत पूड भुरभुरा आणि लगेच चार बोटं खोल मातीत मिसळा. मिसळलेला चुना पावसाने वाहत नाही, वर पांढरा सोडलेला वाहतो. तिथून पेरणीपर्यंत दोन-तीन आठवडे मिळाले की पुरे.

शेणखत आणि चुना एका दिवशी नको. चुना अमोनियाला हवेत उडवतो, नाकाला कळतं. युरियाचंही तसंच. सिंगल सुपर फॉस्फेटसुद्धा चुन्यात मिसळू नका, विरघळणारा स्फुरद परत घट्ट होतो. सुपर शेणखतात मुरवून ठेवा आणि पेरणीच्या वेळी ओळीत द्या. विखरून दिलात तर सगळ्या तांबड्या मातीने तो ओढून घेतलाच म्हणून समजा.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट टाळा. १०० किलो अमोनियम सल्फेटने आलेली आम्लता मारायला सुमारे ११० किलो चुनखडी लागते, युरियाला सुमारे ८०. एका हाताने चुना टाकून दुसऱ्या हाताने पुसण्यात काय अर्थ?

आणि एक विनंती. मधल्या दोन ओळी बिनचुन्याच्या ठेवा. जानेवारीत शेजारी-शेजारी बघितल्याशिवाय पीक कशाने सुधारलं, चुन्याने की तारखेने, हे कुणालाच सांगता यायचं नाही. मलाही नाही.


गच्ची आणि मी (पुणे)

मध्येच विचारते. मी चिया कुंडीत लावलाय, हिरव्या पाल्यासाठी. अंड्याची टरफलं घालत असते. पानं वरून पिवळी, शिरा हिरव्या. आम्लता असेल का? तो तीन काट्यांचा मीटर मागवलाय, त्यात ७ दाखवतो. पाणी बोअरचं.


परीक्षानळी

उलटं आहे तुमचं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही, आणि ते सामू वर गेल्यावर होतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो का? धरत असेल तर बोअरच्या जड पाण्यानेच चुना रोज मिळतोय. टरफलं बंद करा आणि पावसाचं पाणी साठवून घालता आलं तर घाला. तो मीटर दोन वेगवेगळ्या कुंड्यांत खुपसून बघा, बहुतेक दोन्हीकडे ७ च दाखवेल.


काळ्या रानातला

ह्या ताईंसारखंच आमच्याकडंही चुनखडीच्या पट्ट्यात वरची पानं पिवळी पडतात, फेरस सल्फेटची फवारणी करावी लागते. कोकणात लोहाचा पूर, आमच्याकडं दुष्काळ. देवाने वाटणी बरी केली नाही.


सड्यावरची

परीक्षानळी काका, गोणी फोडली. व्हिनेगर टाकल्यावर असा फेस आला की लेकाने पूर्ण बाटली रिकामी केली. म्हणजे २५ किलोच धरते. दोन ओळी बिनचुन्याच्या ठेवते, खुंट्या मारून.

आता शेवटचं, वाशीमवाल्या दादांना. बियाणं किती मागवू? आणि विकायचं कुठे, इथे तर कुणी घेणारा नाही.


काळ्या रानातला

आठ गुंठ्यांना चारशे ग्रॅम पुरतं, अर्ध्या किलोच्या वर मागवू नका. दुकानातून घेताना बघून घ्या, चियाचं बी करड्या रंगाचं, त्यावर बारीक नक्षी असते, मध्ये काही पांढरे दाणे दिसतात. सगळं एकजात काळंभोर असेल तर तो सब्जा, मग घरच्यांची चेष्टा खरी व्हायची.

विक्रीचं म्हणाल तर आमच्या वाशीमच्या बाजार समितीत आता चियाची खरेदी होते, त्याआधी मध्य प्रदेशात नीमचला गाडी न्यावी लागायची. तुमच्या एवढ्याशा मालाला एवढं भाडं परवडणार नाही. पहिलं वर्ष चाळून, वाळवून पाव-पाव किलोच्या पुड्या करा आणि मुंबईच्या चाकरमान्यांना शिमग्याला द्या. तेव्हा पीक हातात आलेलंच असेल. फक्त मळणी कोरड्या दिवशी करा, दव पडलेलं असताना कणसं हाताळली तर बी ओलं होऊन एकमेकांना चिकटतं आणि सुपात काही वेगळं होत नाही.